संगणक उठत नाही : तालुक्याच्या गावातील एका अलिखित विद्येचा इतिहास

मराठी साहित्यात यंत्र आले की ते बहुधा चालत असते. आगगाडी धावत असते, गिरणीचा भोंगा वाजत असतो, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील कथाकवितांत संगणक कोणाची तरी नोकरी हिरावून घेत असतो किंवा कोणाला तरी परदेशातील मुलाशी जोडून देत असतो. बंद यंत्राकडे आपल्या लेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. त्यातही खोक्यातून नुकताच बाहेर काढलेला, हळदकुंकू लावून झालेला, समोर नारळ फोडलेला नवा कोरा संगणक कळ दाबल्यावर ढिम्म राहतो, हा प्रसंग २००० नंतरच्या दशकात तालुक्याच्या गावांनी कितीदा तरी पाहिला. निलंग्यानेही पाहिला. त्या प्रसंगाभोवती एक विद्या उभी राहिली, तिची एक बोली तयार झाली, आणि लिहून ठेवण्याची कोणाला गरज न वाटल्यामुळे ती आता विरून जाण्याच्या बेतात आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या ढिम्म राहण्याचाच थोडा इतिहास सांगणार आहोत. निमित्त निलंग्याचे असले तरी धागे बरेच लांबचे आहेत.

यंत्र सुरू करण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा, ही गोष्ट संगणकाच्या जन्मापासूनची आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या. थंड नलिका एकदम तापली की तिच्यातील तार तुटण्याचा संभव अधिक. म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करीत नसत. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक घडविला गेला, त्यातही नलिकाच होत्या. तो १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. हे यंत्र घडविणारे आणि ते बिघडल्यावर उघडून पाहणारे लोक एकच होते. सुताराने स्वतःसाठी केलेला पाट हलू लागला तर तो दुसऱ्या सुताराला बोलावीत नाही, तसाच हा प्रकार. दुरुस्ती हा वेगळा व्यवसाय तेव्हा जन्मलेलाच नव्हता.

तो जन्मला आयबीएमच्या काळात, आणि जन्मला तोच कुलूपबंद. या कंपनीची यंत्रे भारतात मुख्यतः भाड्याने मिळत. यंत्र कंपनीचे, हत्यारे कंपनीची, नकाशे कंपनीचे आणि झाकण उघडणारा माणूसही कंपनीचाच. भाडे भरणाऱ्याने पत्रे आत सरकवावेत आणि छापील कागद बाहेर घ्यावा, एवढाच त्याचा अधिकार. १९७८ साली आयबीएमने भारतातील व्यवहार आवरता घेतला, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कोणी करावयाची हा मोठाच प्रश्न होता. ते काम ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीकडे आले. देखभाल हा शब्द थेट नावातच असलेली ही कंपनी पुढे रेल्वेच्या आरक्षणासारख्या कामांसाठी प्रसिद्ध झाली, आणि मूळ नाव लोक विसरले. ‘सीएमसी’ ही तीन अक्षरे तेवढी उरली. संस्थांच्या नावांतून नेमका कोणता शब्द आधी गळून पडतो, हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. असो.

झाकण खऱ्या अर्थाने उघडले ते १९८१ साली, आणि तेही आयबीएमच्याच हातून. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने टेबलावर ठेवण्याजोगा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तो घाईने, बाहेरच्या कंपन्यांचे सुटे भाग जोडून तयार केलेला होता. त्याबरोबर विकत मिळणाऱ्या तांत्रिक ग्रंथात विद्युत्‌मंडलांच्या आकृत्या तर होत्याच, शिवाय यंत्र जागे होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीचा, म्हणजे ‘बायोस’चा, ओळीन्‌ओळ मजकूरही छापलेला होता. तो मजकूर नकलून वापरण्यास कायद्याची आडकाठी होती. पण ‘कॉम्पॅक’ या कंपनीने एक युक्ती केली. एका गटाने तो मजकूर वाचून यंत्र काय करते याचे केवळ वर्णन लिहावे, आणि मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी प्रणाली रचावी. १९८२ च्या अखेरीस त्यांचे यंत्र जाहीर झाले. पुढे फिनिक्स, अवॉर्ड यांच्याप्रमाणेच मूळचे भारतीय असलेल्या एस. शंकर यांनी सहकाऱ्यासह १९८५ साली स्थापन केलेल्या ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’ने अशा प्रणाली कोणालाही विकावयास सुरुवात केली. ज्याच्यापाशी स्क्रू फिरविण्याचा पेचकस आहे त्याने संगणक जोडावा, अशी स्थिती या घडामोडीमुळे आली. निलंग्याच्या पोराने उद्या जे करावयाचे होते त्याचा परवाना असा सातासमुद्रापलीकडे तयार झाला.

भारतात १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सोपी झाली. १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक करारात भारत सामील झाला आणि पुढील काही वर्षांत या भागांवरील आयातकर शून्यावर आला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस आणि आमच्या बाजूला सिकंदराबाद येथील पार्क लेनचा बाजार भरभराटीला आला. ‘असेम्बल्ड’ हा शब्द मराठीत रुळला तो याच काळात. ‘कंपनीचा घेतला की असेम्बल करून घेतला?’ हा प्रश्न लग्नातील ‘घरचे की बाहेरचे?’ या प्रश्नाइतक्याच गांभीर्याने विचारला जाई.

निलंग्याला हैदराबादचा बाजार जवळचा वाटावा याला जुने कारण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत निलंगा हा तालुका हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होता. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके त्या वर्षी मुंबई राज्यात आले, उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातूरकडे आले. नकाशावरच्या रेषा हलल्या तरी व्यापाऱ्याचे पाय जुन्याच वाटेने चालतात. कापड, भांडी, घड्याळे ज्या वाटेने येत त्याच वाटेने मदरबोर्ड आणि रॅमही आले. दुसरी वाट लातूरची. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरू लागला, आणि तालुक्यातालुक्यात संगणकवर्ग निघाले. एकेका वर्गासाठी एकदम अनेक संच लागत. गावात यंत्रांची एकदम अशी आवक पूर्वी फक्त पाण्याच्या मोटारींची झाली असेल.

आता आपण त्या ढिम्म यंत्रापाशी येऊ.

लातूरच्या दुकानात जोडलेला, तिथे चालवून दाखविलेला, गिऱ्हाइकाच्या समोर पडदा उजळलेला संच औशावरून पन्नासेक किलोमीटर एसटीच्या मागच्या बाकावर किंवा जीपच्या टपावर बसून निलंग्यास पोचे, आणि घरी उठत नसे. यात फसवणूक क्वचितच असे. स्मृतीची पट्टी, म्हणजे रॅम, तिच्या खाचेत दोन्ही टोकांच्या खटक्यांनी धरलेली असते. रस्त्याच्या हिसक्यांनी एक टोक केसभर उचलले तरी पुरे. चित्रदर्शक कार्डाचेही तसेच. प्रक्रियकावरचा पंखा जड, त्याचा एखादा आकडा निसटे. दुकानातील मुलाने घाईत एखादी जोडणी अर्धवट बसविलेली असेल तर ती वाटेत सुटे. येथे एक तपशील नोंदविण्याजोगा आहे. पेंटियम-४ च्या काळात, म्हणजे २००० च्या सुमारास, मदरबोर्डास विजेची आणखी एक चौकोनी चार तारांची जोडणी लागू लागली. मोठी जोडणी लावली आणि ही विसरली तर पंखे जोमाने फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. सारे काही जिवंत दिसते आणि जीव मात्र नसतो. जुन्या पद्धतीवर हात बसलेल्या कित्येक जोडणाऱ्यांना ही चार तारांची जोडणी बराच काळ चकवीत राहिली.

दुकानात चालणारे यंत्र घरी न चालण्याचे दुसरे कारण गावाच्या विजेत होते, आणि आमच्या मते तेच अधिक मोठे. विद्युत्‌पुरवठा करणाऱ्या पेटीस, ज्याला सारा महाराष्ट्र ‘एसएमपीएस’ म्हणतो, मागच्या बाजूस एक लाल सरकती कळ असे : ११५ आणि २३०. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. कळ २३० वर ठेवून ११५ ची वीज दिली तर यंत्र नुसते उठत नाही. कळ ११५ वर राहिली आणि २३० ची वीज दिली तर मात्र फटाका वाजतो, धूर निघतो आणि पेटी कायमची जाते. ही कळ का आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नसे. घरातील चौकस मुलाने ती सरकवून पाहणे साहजिक होते.

पण खरे दुखणे व्होल्ट कमी पडण्याचे. रब्बीच्या दिवसांत ज्वारी-हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या, की गावातील बल्ब तांबडे होत. पेटी ठरावीक दाब गाठू शकली नाही तर ती मदरबोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा जो संकेत द्यावयाचा तो देतच नाही, आणि तो मिळाल्याखेरीज प्रक्रियक पहिले पाऊल उचलत नाही. सायंकाळी न उठणारा संगणक पहाटे तीन वाजता मुकाट्याने उठे, तो यामुळे. घरातील माणसे याचा संबंध मुहूर्ताशी लावीत. मिस्त्री तो मोटारीशी लावी. भर म्हणून भारनियमन होतेच. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, आणि त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण मराठवाड्याने दिवसाचे कित्येक तास अंधारात काढले. यूपीएसमधील बॅटरी भरावयास पुरेशी वीज मिळत नसे, ती अर्धपोटी राही, आणि वर्षभरात मरून जाई. तिसरी गोष्ट भूसंपर्कनाची, गावाच्या भाषेत ‘अर्थिंग’ची. मीठ आणि कोळसा घालून पुरलेली पट्टी पावसाळ्यात उत्तम काम करते. चैत्रात काळी जमीन भेगाळली की तिचा मातीशी संबंध सुटतो आणि संगणकाच्या पत्र्याच्या अंगाला हात लावला तर मुंग्या येतात. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावयाचे असते. संगणकाच्या कोणत्याही इंग्रजी पुस्तिकेत ‘यंत्र चालत नसल्यास खड्ड्यात पाणी ओता’ असे वाक्य आढळावयाचे नाही. निलंग्यात ते दुरुस्तीचे पहिले वाक्य असू शकते.

या साऱ्यातून दुरुस्ती करणाऱ्या मुलांची एक प्रश्नावली तयार झाली. ती कोणी रचली, हे सांगता येणार नाही. लोकगीताप्रमाणे ती अनेकांच्या तोंडी घडत गेली. दुकानात फोन आला की पलीकडून चार प्रश्न येत : दिवा लागतो का? पंखा फिरतो का? आवाज येतो का? पडद्यावर काही दिसतं का? ही चढण आहे. दिवाच नसेल तर दोष भिंतीतील प्लगपासून पेटीपर्यंत कोठेतरी. दिवा आहे, पंखा एकदा गरकन फिरून थांबतो, तर कोठेतरी शॉर्ट झाले आहे आणि पेटी स्वतःला वाचवीत आहे. पंखा फिरतो, आवाज नाही, पडदा काळा, तर मदरबोर्ड, प्रक्रियक किंवा त्या चार तारा. आवाज येतो, तर आवाज मोजा. पडद्यावर इंग्रजी अक्षरे येऊन थांबतात, तर यंत्र धडधाकट असून त्याला साठवणुकीच्या तबकडीवर प्रणाली सापडत नाही. या शेवटच्या वर्गातील कित्येक दुखणी फ्लॉपी काढून घेतल्यावर बरी होत. रिकामी फ्लॉपी खाचेत राहिली की यंत्र आधी तिलाच विचारी, तिच्यापाशी उत्तर नसे, आणि ‘प्रणाली नसलेली तबकडी’ असा निरोप देऊन ते बसून राही.

फोनवर भागले नाही, तर मिस्त्री घरी येई. तो काही जोडीत नसे, काढीत जाई. तबकडी काढ, सीडीची पेटी काढ, सारी कार्डे काढ. मदरबोर्ड, प्रक्रियक आणि रॅमची एकच पट्टी एवढेच ठेव. तेवढ्यावर उठला तर एकेक वस्तू परत लाव, आणि ज्या वस्तूपाशी तो बसतो तिला बाजूला कर. उपनिषदांतील ‘नेति नेति’ची पद्धत वर्गात शिकविताना आम्हांला यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडलेले नाही. पेटी खरोखरच मेली आहे काय हे पाहण्यासाठी तिच्या मोठ्या जोडणीतील हिरवी तार आणि कोणतीही काळी तार यांत कागदाची यू-पिन वाकवून घालावयाची. पेटी जिवंत असेल तर पंखा फिरतो. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासून, फुंकर न मारता कापडाने पुसून परत बसवावयाचे. फुंकर का नाही, तर तोंडातील ओल. घड्याळात असतो तसला तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटे थांबावयाचे, म्हणजे यंत्र जुनी स्मरणे विसरते. खोडरबर, यू-पिन, कापड : ही सारी हत्यारे आमच्या महाविद्यालयाच्या स्टेशनरीच्या कपाटात असतात, आणि तरीही ही विद्या त्या कपाटापाशी कधी आली नाही.

आवाज मोजण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तेथे आमचा विषय अनपेक्षितपणे येऊन पोचतो. संगणक जागा होताना पडदा उजळण्यापूर्वी स्वतःची तपासणी करतो. या टप्प्यावर काही चुकले तर सांगावयास त्याच्यापाशी पडदा नसतो. म्हणून त्याला शिट्टी वाजवावी लागते. ऱ्हस्व शिट्टी आणि दीर्घ शिट्टी, एवढीच त्याची वर्णमाला. आयबीएमच्या मूळ यंत्रात एक ऱ्हस्व शिट्टी म्हणजे सर्व क्षेम. एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व म्हणजे चित्रदर्शक कार्डात दोष. ‘अवॉर्ड’ने हा संकेत तसाच पुढे चालविला. ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’च्या जुन्या तक्त्यात तीन ऱ्हस्व शिट्ट्या म्हणजे प्रारंभीच्या स्मृतीत दोष. मराठीचे अध्यापक हे तक्ते वाचू लागले की त्यांच्या बोटांना चाळा सुटल्याशिवाय राहत नाही. गुरु, लघु, लघु : हा तर भगण! लघु, लघु, लघु : नगण. ‘यमाताराजभानसलगम्’ या सूत्रावर ज्यांनी शाळेत छड्या खाल्ल्या त्यांनी रॅम आणि कार्ड यांचे निदान चुटकीसरशी करावयास हवे होते. वृत्ते पाठ असलेली आमची पिढी आणि शिट्ट्या मोजणारी मुलांची पिढी एकाच गावात, एकाच चौकात राहिल्या. परस्परांचे शास्त्र एकाच मापाने मोजले जाते हे दोघांच्याही गावी नव्हते.

त्या तक्त्यांत एक मौजही आहे. आयबीएमच्या यंत्रात जी एक ऱ्हस्व शिट्टी ‘सर्व क्षेम’ म्हणते तीच ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’च्या जुन्या यंत्रात स्मृतीचा दोष सांगते. शब्द एक, अर्थ घराण्यागणिक वेगळा. म्हणून जाणता मिस्त्री आधी विचारतो : बायोस कोणाचा?

शिट्टीची भाषा कोणाचीच मातृभाषा नव्हे, म्हणून ती सर्वांना सारखीच परकी. पडद्यावरच्या अक्षरांचे तसे नाही. मराठी भाषा संगणकावर कशी आली, याचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान रास्तही आहे. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. संगणकाच्या खाचेत एक कार्ड बसविले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. नंतर युनिकोड आले, विंडोज-२००० आणि एक्सपी या प्रणालींत मराठी लिहिता येऊ लागली, आणि त्यांच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने घडविलेला होता. एका कवीच्या हाताचे वळण जगभरच्या यंत्रांत गेले, याहून मोठी गोष्ट ती कोणती? परंतु या सर्व मराठीचा प्रवेश प्रणाली उठल्यानंतरचा. त्यापूर्वीचा जो अर्धा-पाऊण मिनिट असतो, ज्यात यंत्र स्वतःला चाचपडून पाहते, त्यात अक्षरे चित्रदर्शक कार्डाच्या आतील कायम स्मृतीतून येतात. तेथे मूळच्या २५६ चिन्हांच्या घरात रोमन लिपी आहे, काही ग्रीक अक्षरे आहेत, चौकटी काढण्याच्या रेषा आहेत, पत्त्यांतील बदाम-किलवरसुद्धा आहेत. देवनागरीला जागा नाही. म्हणजे यंत्र निरोगी असेल तेव्हा ते मराठी बोलू शके, आजारी पडले की इंग्रजीच बोले. ‘कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा’ हा त्याचा जगप्रसिद्ध विनोदही इंग्रजीतच होता. कळफलकच नाही तर एफ-१ दाबावयाचे कशाने, हा प्रश्न निलंग्यातील पोराला पडण्यासाठी त्याला आधी ते वाक्य वाचता यावे लागे.

ही पोकळी बोलीने भरून काढली. ‘डिस्प्ले येत नाही’, ‘रॅम हलली’, ‘बोर्ड गेला’, ‘सप्लाय बसतोय’, ‘मशीन उठतं पण पुन्हा झोपतं’, ‘कपॅसिटर फुगलेत’ : अशी ही भाषा आहे. शेवटच्या वाक्यामागे एक जागतिक भानगड आहे. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत तैवानमधून आलेले सदोष कपॅसिटर हजारो मदरबोर्डांवर बसले आणि वर्षा-दोन वर्षांत डोकी फुगून फुटले. त्या भानगडीचे वर्णन इंग्रजी नियतकालिकांनी रकाने भरून केले. आमच्याकडे ‘फुगलेत’ या एका शब्दात ती आली आणि गेली. इंग्रजीत यंत्र सुरू होण्याला ‘बूट’ म्हणतात, स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलणाऱ्या माणसाच्या कल्पनेवरून. आमच्या मिस्त्र्यांनी ‘उठणे’ हे साधे क्रियापद घेतले. त्यात सकाळ आहे, आजारातून बरे होणे आहे, बसलेल्या बैलाने पुन्हा उभे राहणेही आहे. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्या समित्यांपुढे हा शब्द कधी आला असता तर तो ग्राम्य म्हणून वगळला गेला असता, अशी आमची खात्री आहे.

दुरुस्तीची मराठी ही पूर्वीपासूनच उसनवारीवर जगलेली आहे, हे येथे विसरता कामा नये. दुरुस्ती, कारागीर, पुर्जा हे शब्द फारसीतून आले, मरम्मत अरबीतून, आणि मिस्त्री हा तर पोर्तुगीजांकडून. वस्तू आली की तिचे नाव येते, पण ती मोडली की जे बोलावे लागते ते मात्र स्थानिक क्रियापदांनीच बोलावे लागते : बसणे, उठणे, हलणे, जाणे, फुगणे. मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या कोशात कारागिरांचे असे कितीतरी शब्द टिपून ठेवले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांच्या कामाची भाषा नोंदविली. १९२० साली सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही तर मुळात लोखंडी नांगराच्या कारखान्याची पत्रिका; पुढे तिचे वाङ्मयीन मासिक झाले हे आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, पण नांगर विकत घेणाऱ्या माणसाशी यंत्राविषयी मराठीत बोलण्याच्या गरजेतून तिचा जन्म झाला, हे सांगावयाचे राहून जाते. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८ चे, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. म्हणजे परंपरा नव्हती असे नाही. संगणकाच्या वेळी मात्र मराठी पुस्तके निघाली ती मुख्यतः ‘संगणक कसा वापरावा’ या प्रकारची, आणि त्यांचे पहिले प्रकरण यंत्र सुरू झाल्यानंतर सुरू होई. पुस्तकाच्या पहिल्या पानापूर्वीचा भाग दुकानातील दहावी-बारावी झालेल्या मुलांकडे सोपविला गेला. त्यांनी तो लिहिला नाही, कारण लिहिणे हे त्यांचे काम नव्हते. ते आमचे होते.

याचा परिणाम काय झाला, तो गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहावा. ज्या घरात पीककर्जातून वा पगारातून वाचवून पहिला संगणक आला, त्या घराला ‘बोर्ड गेला’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. बोर्ड खरोखर गेला आहे, की रॅम केसभर उचलली आहे, हे ठरविणाऱ्या चार प्रश्नांचा छापील मराठी कागद त्याच्या हाती नव्हता. बहुतेक मुले प्रामाणिक होती. खोडरबर फिरवून पन्नास रुपये घेऊन जात. पण प्रामाणिकपणावर अवलंबून राहावे लागणे आणि स्वतः पाहून घेता येणे यांत जे अंतर आहे, तेच साक्षरतेचे अंतर होय. इंग्रजी जाणणाऱ्या घरात पुस्तिका उघडली जाई. ती जाड, चकचकीत, बहुभाषी असे, आणि त्या भाषांत मराठी नसे.

ही विद्या आता ओसरत चालली आहे. लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा मदरबोर्डालाच डाखलेली असते. खोडरबर फिरवावयास दात उरलेले नाहीत. संगणकवर्गांतील मुले मोबाइलच्या दुकानांत गेली, तेथे काच बदलणे हे मुख्य काम आहे. ११५-२३० ची लाल कळ गेली, आताच्या पेट्या दोन्ही विजा स्वतःच ओळखतात. शिट्टी वाजविणारा छोटा भोंगाही बहुतेक नव्या संचांत जोडलेला नसतो, त्यामुळे भगण-नगण ऐकू येण्याची सोय नाही. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय प्रणालीत चित्रे आणि अनेक लिप्या दाखविण्याची क्षमता आहे. २००५ पासून तिचा प्रसार करणारे मंडळही आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या संचांवरील भाषांच्या यादीत मात्र जर्मन, चिनी, जपानी भेटल्या, मराठी भेटली नाही.

तरीही कोणी हौशी मुलगा आजही सुटे भाग मागवून संच जोडतो, बहुधा खेळांसाठी, आणि तो पहिल्या दिवशी उठत नाही. अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डांवर यासाठी चार बारीक दिवे असतात. प्रक्रियक, स्मृती, चित्रदर्शक आणि प्रणाली असलेली तबकडी यांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे त्यांच्या शेजारी छापलेली असतात, आणि ज्या पायरीवर यंत्र अडखळले तेथला दिवा लागून राहतो. निलंग्यातील जुना मिस्त्री फोनवर असेल, तर त्याची प्रश्नावली चारावरून एकावर आली आहे. तो विचारतो, “कोणता दिवा विझंना?”